कॉमिक्सच्या दुकानात ऑर्डर देताना या चुका टाळा

मैत्रिणीच्या पुण्यातल्या कॉमिक्सच्या दुकानात मी दोन वर्षं शनिवार-रविवार काउंटरवर बसायचे. त्याआधीची कितीतरी वर्षं आणि त्यानंतर आजपर्यंत मी काउंटरच्या पलीकडची, म्हणजे गिऱ्हाईक. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. या दुकानांत जी वादावादी होते, तिच्यातली बहुतेक ऑर्डर घेताना न विचारलेल्या आणि न सांगितलेल्या दोन-तीन गोष्टींतून सुरू होते. त्या वेळीच बोलल्या गेल्या, तर दुकानदाराचा संताप वाचतो आणि आपली खेपही.

अकरावीतला एक मुलगा भर पावसात कात्रजहून बसने आला होता. दोन आठवड्यांपूर्वी त्याने ‘डेथ नोट तीन’, म्हणजे त्या मांगाचा (जपानी कॉमिकचा) तिसरा भाग, मागवलं होतं आणि आमच्या वहीतही तेवढंच लिहिलेलं. पुस्तक हातात घेऊन त्याने चार पानं चाळली आणि त्याचा चेहराच पडला. म्हणाला, “ताई, मधलं सगळं गेलंय यातलं.” गेलं काहीच नव्हतं. डेथ नोटची साधी आवृत्ती १२ पुस्तकांची आहे आणि ब्लॅक एडिशन ६ जाड पुस्तकांची. एका जाड पुस्तकात दोन साधे भाग बसतात. म्हणजे त्याच्या हातात पडलेलं ब्लॅक एडिशनचं तिसरं पुस्तक हे साध्या आवृत्तीतले पाचवा आणि सहावा भाग. त्याच्या घरी साधा दुसरा भाग वाचून झाला होता. चूक आमची, कारण ‘कुठली आवृत्ती?’ हे विचारणं काउंटरचं काम. पण बसभाडं आणि शनिवारची दुपार त्याची गेली, आणि तो ओल्या दप्तरासकट परत निघाला ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

नुसतं नाव आणि नंबर सांगू नका

नारुतो हे मांगा ७२ भागांचं आहे, पण तीन भाग एकत्र बांधलेली आवृत्तीही मिळते. तिचं पाचवं पुस्तक म्हणजे १३, १४ आणि १५ हे भाग. ‘बॅटमॅन नंबर एक’ म्हणाल, तर कुठला? त्या नावाच्या मासिकाचा पहिला अंक १९४० मध्ये निघाला, २०११ मध्ये प्रकाशकाने सगळीच मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली, आणि २०१६ मध्ये परत एकदा. अ‍ॅस्टेरिक्स या फ्रेंच कॉमिकची तर आणखी वेगळी गंमत. इंग्रजीत त्याची दोन भाषांतरं बाजारात आहेत. जुन्यात पुजारीबुवा गेटाफिक्स, तर २०२० पासून निघालेल्या अमेरिकन भाषांतरात तेच पॅनोरामिक्स. लहानपणापासून गेटाफिक्स वाचलेल्या माणसाच्या हातात दुसरं पुस्तक पडलं, की तो हमखास म्हणतो, हे डुप्लिकेट आहे. तसं नसतं, पण त्याला हवं ते मिळालेलं नसतं हेही खरंच.

यावर उपाय एकच आणि तो फुकटचा आहे: आयएसबीएन. पुस्तकाच्या मागच्या बाजूला बारकोडपाशी असलेला १३ आकडी नंबर. साधी बांधणी, पक्की बांधणी, जाड आवृत्ती, प्रत्येकीचा नंबर वेगळा असतो. घरी असलेल्या आधीच्या भागाच्या मागच्या पानाचा फोटो काढा, दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि खाली लिहा, ‘याच मालिकेतला पुढचा’. वहीत लिहून घेणाऱ्याला नंबराचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. हे सांगताना संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण चांगला दुकानदार यावर खूशच होतो.

अमेरिकन मासिकांच्या सुट्या अंकांवर आयएसबीएन नसतो. तिथे बारकोडच्या शेजारचे पाच लहान आकडे बघायचे. पहिले तीन अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा प्रकार, पाचवा कितवी छपाई ते. ००३११ म्हणजे तिसरा अंक, पहिलं मुखपृष्ठ, पहिली छपाई. ००३१२ असेल तर दुसरी छपाई. जमवणाऱ्यांमध्ये या शेवटच्या आकड्यावरून किंमत बदलते आणि मैत्रीही तुटते, म्हणून पैसे देण्याआधी तो बघाच.

अ‍ॅडव्हान्स देऊन विसरू नका

हे माझ्यावर बेतलेलं आहे. एका दुकानात (मैत्रिणीच्या नव्हे) मी १८०० रुपये अ‍ॅडव्हान्स देऊन एक जाड संग्रह मागवला. काउंटरवरचा दादा ओळखीचा होता, म्हणून पावती घेतली नाही. महिनाभर ‘येईल, पार्सल निघालंय’, मग ‘पुढच्या आठवड्यात नक्की’. चौथ्या महिन्यात गेले, तर तो दादा काम सोडून गेलेला आणि नव्या माणसाला माझं नावही माहीत नाही. मला वाचवलं ते एका सवयीने. यूपीआयने पैसे देताना शेऱ्याच्या जागेत मी पुस्तकाचं नाव आणि ‘अ‍ॅडव्हान्स’ असं टाकलं होतं. तो स्क्रीनशॉट आणि दोन ओळींचं साधं पत्र मालकांना दिलं. आवाज न चढवता, तारीख-रकमेसकट. दहा दिवसांत पैसे परत आले.

तेव्हापासून मी तीन गोष्टी लिहून घेते: किती दिले, कधीपर्यंत येणार, नाही आलं तर पैसे परत की दुसरं पुस्तक. यातली तिसरी कोणीच विचारत नाही आणि नंतर सगळं तिथेच अडतं.

उशीर मात्र दरवेळी दुकानाचा नसतो, हेही सांगायला हवं. अमेरिकन कॉमिक्सचं वितरण वर्षानुवर्षं जवळजवळ एकाच कंपनीच्या, डायमंडच्या, हातात होतं. २०२० मध्ये बॅटमॅनचे प्रकाशक डीसी तिथून बाहेर पडले, २०२१ मध्ये दुसरे मोठे प्रकाशक मार्व्हल दुसऱ्या वितरकाकडे गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिकडे साखळीची कडी तुटली, की इथल्या दुकानदारालाही पार्सल कधी येणार ते नीट सांगता येत नाही. तो ‘माहीत नाही’ म्हणाला, तर विश्वास ठेवा. दर आठवड्याला ‘उद्या’ म्हणत असेल, तर मात्र पैसे परत मागा.

किमतीचंही तसंच. पुस्तकावर फक्त डॉलर छापलेला असतो आणि गिऱ्हाईक मोबाइलवर आजचा भाव काढून म्हणतं, “तुम्ही जास्त लावता.” बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पापासून ५ टक्के सीमाशुल्क आहे, वर वाहतूक. त्यामुळे दुकानाचा डॉलरचा भाव बँकेपेक्षा वर असतोच. ऑर्डर देतानाच विचारा, “डॉलर कितीने धरता?” रुपयांतली किंमत छापलेली किंवा चिकटवलेली असेल, तर तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त देऊ नका. आणि छापील पुस्तकावर जीएसटी लागत नाही. बिलात तो दिसला, तर नम्रपणे बोट ठेवा.

काउंटरवर उघडून बघा

घरी जाऊन कोपरा दबलेला दिसला आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक परत आणलं, तर दुकानदाराने काय समजायचं? दबलेला कोपरा दुकानातला की दप्तरातला, हे कोणालाच सांगता येत नाही. दुकानातच पुस्तकाचे चारही कोपरे, पाठीचा कणा आणि मधली पानं बघून घ्या. प्लास्टिकमध्ये बंद असेल, तर “तुमच्यासमोर उघडू का?” असं विचारा. कुरिअरने आलं असेल, तर खोका फोडतानाचा व्हिडिओ काढा.

पानं गळालेली, उलटी बांधलेली किंवा कोरी निघाली तर तो दोष आहे आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीमागे लपता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण हा आधार दोषासाठी आहे. ‘मुलाला आवडलं नाही’ यासाठी नाही, तिथे दुकानाची मर्जी चालते.

उलट्या पुस्तकाबद्दल एक सांगते, कारण दर महिन्याला एक तरी आजोबा यायचे. “अहो ताई, शेवटचं पान पहिलं छापलंय.” मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. चौकटीसुद्धा उजव्या कोपऱ्यातून सुरू होतात. बऱ्याच पुस्तकांच्या ‘चुकीच्या’ बाजूला तशी सूचनाही छापलेली असते. त्या आजोबांना मी खुर्ची देऊन पहिली दोन पानं बोट फिरवत वाचून दाखवायचे. एकही पुस्तक परत आलं नाही.

आजी-आजोबांना आणखी एक कळकळीची विनंती. कॉमिक म्हणजे लहान मुलांचं, असं धरून नातवासाठी मुखपृष्ठ बघून उचलू नका. विझ या प्रकाशकाच्या मांगावर मागे इंग्रजी अक्षर असतं: ए म्हणजे सगळ्यांसाठी, टी किशोरांसाठी, टी अधिक थोड्या मोठ्या किशोरांसाठी, एम प्रौढांसाठी. वय सांगा, दुकानदाराला निवडू द्या.

खोट्या प्रतींबद्दल थोडक्यात. मांगाच्या चोरून छापलेल्या प्रती रस्त्यावर आणि ऑनलाइन सर्रास मिळतात. राखाडी छटांत जाळी दिसते, संवाद बांधणीच्या आत शिरलेले असतात, कण्यावरची अक्षरं तिरकी. अशी प्रत दुकानात दिसली तर सरळ विचारा. प्रामाणिक दुकानदार ती लगेच बाजूला काढतो.

जुनी पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात किंवा रद्दीवाल्याकडे जाता, तेव्हा नियम बदलतात. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं, त्यामुळे इंद्रजालच्या मराठी वेताळाची (फँटमची) सगळ्यात नवी प्रतही आज पस्तिशीच्या घरात आहे. छापील रुपया-दीड रुपया दाखवून घासाघीस केली, की विक्रेता दुखावतो, कारण त्याने ते जपलेलं असतं. त्यापेक्षा तिथेच पानं मोजा. पिना गंजून मधलं जोडपान निसटलेलं असतं, नाहीतर जाहिरातीचं कूपन कोणीतरी कापलेलं असतं आणि त्याच्या पाठीमागे गोष्टीतल्या दोन चौकटी गेलेल्या असतात. चिकटपट्टी लावली असेल, तर तिचा पिवळा डाग जात नाही. हे दाखवून भाव बोला, तो ऐकतो. मी माझ्या बाबांसाठी घेतलेल्या वेताळात शेवटचंच पान नव्हतं. बाबांनी ते तोंडपाठ सांगितलं, पण सगळ्यांच्या घरी असे बाबा नसतात.

पावसाळ्यात एक तक्रार हटकून येते: पानं लाटांसारखी झाली, कागद खराब आहे, बदलून द्या. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेतली ओल कागद ओढून घेतो, दुकानातलं चांगलं पुस्तकही घरच्या खिडकीशी ठेवलं तर आठवड्यात फुगतं. ते आधी पंख्याखाली कोरडं करा. मग कोरड्या कपाटात सपाट ठेवून वर दोन जाड पुस्तकांचं वजन ठेवा आणि चार दिवस हात लावू नका. पाचव्या दिवशी उघडून बघा. लाटा बसलेल्या असतील. पानं कण्यापासूनच सुटत असतील, तर तो बांधणीचा दोष. मग बिल घ्या आणि थेट दुकानात जा.