मागचे ब्रेक पॅड बदलताना या चुका टाळा

पुढचे ब्रेक पॅड स्वतः बदलून ज्यांचा हात बसलाय, तेच बहुधा मागच्या चाकापाशी अडकतात. चाक काढायचं, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उचलायचा, सी-क्लॅम्प (आवळायचा शिकंजा) लावून पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) आत दाबायचा, नवे पॅड बसवायचे. पुढे हे सरळ जमतं. मागे तोच क्लॅम्प लावला की पिस्टन हलत नाही, मग जोर वाढतो, आणि कॅलिपरच्या आतलं काहीतरी तुटतं. कारण एवढंच की मागचा कॅलिपर बहुतेक गाड्यांमध्ये हँडब्रेकचंही काम करतो. मागच्या ब्रेकच्या बऱ्याचशा चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

आधी रचना ओळखा

मागे डिस्क असलेल्या गाड्यांत हँडब्रेक साधारण तीन प्रकारचा असतो. पहिल्यात कॅलिपरच्या पाठीला एक लिव्हर असते आणि तिला हँडब्रेकची केबल जोडलेली असते. दुसऱ्यात कॅलिपरवर एक छोटी मोटर असते आणि तिला वायरचा प्लग येतो. हा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक. तिसऱ्यात कॅलिपर अगदी साधा असतो, आणि हँडब्रेकचे छोटे ब्रेक शू डिस्कच्या मधल्या फुगीर भागात, ड्रमसारखे बसवलेले असतात. गाडीत हँडब्रेकचं बटण आहे म्हणून कॅलिपरवर मोटर असेलच असं धरू नका. काही गाड्यांत मोटर दुसरीकडे असते आणि ती केबलच ओढते. म्हणून चाक काढा आणि कॅलिपरच नीट पाहा.

केबलवाला पिस्टन दाबायचा नसतो, फिरवायचा असतो

केबलच्या कॅलिपरमध्ये पिस्टनच्या आत आट्यांची यंत्रणा असते. पॅड जसजसा झिजतो तसतसा पिस्टन या आट्यांवरून थोडा थोडा पुढे सरकत राहतो, म्हणजे हँडब्रेक दर वेळी तेवढ्याच ओढीत लागावा. पुढे सरकलेला पिस्टन नुसता दाबून मागे जात नाही. तो दाबत दाबत फिरवावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर खाचा किंवा फुलीसारखी खोबण दिसली की हा त्यातलाच समजा.

यासाठी पिस्टन फिरवण्याचं वेगळं साधन मिळतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की ते हाताशी नसेल तर हे काम सुरूच करू नये. लांब तोंडाच्या पकडीने खाचेत धरून फिरवणारे असतात. पकड एकदा निसटली की रबरी बूट, म्हणजे पिस्टनभोवतीचं रबरी आवरण, फाटतो, फाटक्या बुटातून पाणी आणि धूळ आत जाते, आणि काही महिन्यांत पिस्टन गंजून जाम होतो. बहुतेक पिस्टन उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर आत जातात. पण काही गाड्यांत एका बाजूचा उलटा असतो. फिरवूनही पिस्टन आत जात नसेल तर जोर न वाढवता गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिशा पाहा. फिरवताना बूट पिस्टनबरोबर पिळला जातोय का याकडेही लक्ष हवं.

पिस्टन आत गेला म्हणजे काम झालं असंही नाही. बऱ्याच पॅडच्या पाठीवर एक छोटा उंचवटा असतो आणि तो पिस्टनच्या खाचेत बसावा लागतो. खाच तिरकी राहिली तर पॅड डिस्कला सपाट टेकत नाही, एका कडेने जास्त झिजतो आणि हँडब्रेकही ढिला वाटतो. शेवटचा पाव फेरा मागेपुढे करून खाच जुळवून घ्या.

या कॅलिपरवर काम करताना हँडब्रेक पूर्ण खाली हवा, नाहीतर लिव्हर ताणलेली राहते आणि पिस्टन मागे जायला नकार देतो. पण हँडब्रेक खाली म्हणजे गाडी मोकळी. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि जॅकवर नव्हे तर स्टँडवर टेकवलेली गाडी, यात तडजोड नको. गाडी गिअरमध्ये ठेवली आहे म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत गिअर जमिनीवरची चाकं धरतो, पण मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तुम्ही नेमकी तीच चाकं उचलली आहेत. तिथे गिअरचा काहीही उपयोग नाही.

मोटरवाला कॅलिपर

इथे पिस्टन सरळच आत दाबायचा असतो, मात्र आधी मोटरने आतला, पिस्टनला ढकलणारा नट मागे घेतलेला असायला हवा. त्यासाठी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकावी लागते. काही गाड्यांत हे पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने होतं, बाकीच्यांना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं उपकरण) जोडावा लागतो. नट मागे न घेता क्लॅम्प आवळला तर मोटरचे गिअर किंवा आतली यंत्रणा जाते, आणि मग पॅडच्या कामात अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. मोटरला थेट बॅटरीच्या वायरी लावून नट मागे घेण्याचा उद्योगही टाळा. नट शेवटापर्यंत जाऊन अडकला की तो पुन्हा सुटणं कठीण.

सर्व्हिस मोडमध्ये टाकण्याआधी गाडीची बॅटरी चांगली चार्ज असू द्या. किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि कॅलिपर उघडा असताना हँडब्रेकच्या बटणाला कोणालाही हात लावू देऊ नका. ती मोटर बोट चिरडण्याइतक्या ताकदीने पिस्टन ढकलते. काम झाल्यावर सर्व्हिस मोडमधून बाहेर येणं आणि सांगितलं असेल तर कॅलिब्रेशन करणं विसरू नका.

ब्रेक ऑइलची टाकी

पॅड झिजतात तशी टाकीतली ऑइलची पातळी आपोआप खाली येते. ती पाहून कोणीतरी मध्येच टाकी भरून ठेवतं. मग पिस्टन मागे ढकलला की तेवढंच ऑइल परत वर येतं आणि टाकीतून सांडतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रकारांची ब्रेक ऑइलं गाडीचा रंग खातात, त्यामुळे बॉनेटखाली सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा. सुरुवातीलाच टाकी पाहून जास्तीचं ऑइल काढून घेतलं की प्रश्न मिटला.

ही ऑइलं हवेतला ओलावा शोषतात. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा धरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून साधारण दर २ वर्षांनी ते बदलायला सांगतात. डॉट ५ नावात जवळचं वाटलं तरी सिलिकॉनचं असतं. ते यात मिसळू नका.

खरी झीज पिनांमुळे होते

जुने पॅड काढले की फेकू नका, शेजारी ठेवून पाहा. पुढे काय करायचं ते तेच सांगतात. आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा अजून जाड आहे, तर बहुधा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकल्या किंवा जाम झाल्या आहेत, नाहीतर पिस्टन नीट मागे येत नाही. एका चाकाचे पॅड दुसऱ्यापेक्षा खूपच झिजले असतील तर त्या बाजूची हँडब्रेकची लिव्हर पूर्ण परत येते का ते तपासा. कारण न शोधता नुसते नवे पॅड घातले तर तेही तितक्याच लवकर संपतात.

पिना काढून स्वच्छ पुसा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साधं गाडीचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं. वरची आणि खालची पिन वेगळी असू शकते, एकीला टोकाशी रबरी नळी असते. अदलाबदल करू नका. पॅडच्या कानांखालच्या (दोन्ही टोकांखालच्या) पत्र्याच्या क्लिपा काढून त्यांच्याखालचा गंज ब्रशने घासा. गंज साचला की क्लिप वर उचलली जाते आणि नवा पॅड घट्ट बसतो. अशा वेळी पॅडचे कान कानशीने घासून बसवणारे भेटतात. घासायचा असतो तो गंज, पॅड नव्हे.

ग्रीसचा थेंब पॅडच्या घासणाऱ्या बाजूला लागला तर तो पॅड बाद. सँडपेपरने घासून तो पुन्हा वापरण्यात बचत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या गोष्टी

पॅडवरचं मटेरियल ३ मिलिमीटरवर आलं की बदलायच्या तयारीला लागा. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे बदला, पण चाकं एकेक करून उघडा, म्हणजे अडलं तर दुसरी बाजू बघायला शाबूत असते. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडू नका, तारेने वर बांधा. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ती श्वासात जाते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून पाहा. नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेलाचा थर असतो, तो क्लीनरने काढा.

गाडी हलवण्याआधी पेडल

पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं. गाडी सुरू करून निघाल्यावर हे कळलं तर उशीर झालेला असतो. उभ्या गाडीतच पेडल कडक होईपर्यंत हळूहळू दाबा. त्यानंतर हँडब्रेक बऱ्याच वेळा ओढा-सोडा, म्हणजे आतली यंत्रणा आपली जागा घेते. हँडब्रेक जास्त वर येतो म्हणून लगेच केबल आवळायला जाऊ नका. आधीच आवळलेली केबल लिव्हरला पूर्ण परत येऊ देत नाही आणि नवे पॅड डिस्कला घासत राहतात.

मग मोकळ्या रस्त्यावर साधारण ५० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक लावत आठ-दहा वेळा वेग कमी करा, मधे थोडं चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका.

नंतर काही वाटलं तर

एखादं चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. गाडीचं मागचं चाक स्टँडवर उचलून हाताने फिरवा. हँडब्रेकची केबल कॅलिपरच्या लिव्हरवरून काढल्यावर चाक मोकळं झालं तर दोष केबलमध्ये. तरीही जड असेल तर ब्लीड निपल (कॅलिपरवरची हवा काढायची तोटी) जरा सैल करून पाहा: लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकतोय, आणि जुन्या होजची आतली बाजू सुजली असण्याची शक्यता आहे. निपल उघडूनही फरक नसेल तर पिना, पॅड किंवा पिस्टनच जाम आहे. निपल उघडलं असेल तर हवा काढून टाकीची पातळी पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

रिव्हर्सनंतर पहिल्यांदा पुढे ब्रेक लावताना एकदाच टक् असा आवाज आला तर पॅड आपल्या जागेत सरकतोय. हलका असेल तर काळजी नाही, मोठा असेल तर क्लिपा नीट बसलेल्या नाहीत. धातूवर धातू घासल्याचा सलग खरखराट मात्र ऐकू आला तर गाडी तिथेच थांबवून चाक उघडा.