ब्रेकचं साडेचौदा हजारांचं एस्टिमेट

कात्रज घाट उतरताना पुढून करकर आवाज यायला लागला म्हणून गाडी गॅरेजला टाकली, तर संध्याकाळी फोन, "सर, पॅड, डिस्क, मागचे लायनर सगळं गेलंय, साडेचौदा हजार होतील, आणि अशी चालवणं रिस्की आहे." रिस्की म्हटलं की आपण गार पडतो, तिथंच गोची होते. म्हटलं हात लावू नका, मी येतो.

चाक काढायला लावलं. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला (चकतीला) दाबून गाडी थांबवणारी पट्टी, नवीन पॅडचं मटेरियल साधारण 10 एमएम असतं, 3 च्या आसपास आलं की बदलायचं. माझे 3 पण नव्हते, म्हणजे आवाज खरा होता, त्यात वाद नाही. पण बहुतेक डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या खाली गेली तरच बदलायची. तो दाखवून म्हटलं आता मोजा, तर जाडी मोजायचा व्हर्नियरच सापडेना!

मग नाना पेठेतल्या ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे हळूहळू नेली. त्यांनी मोजलं, डिस्क त्या आकड्याच्या बऱ्यापैकी वर, बोट फिरवलं तर खाचाही नाहीत. मागचे ड्रम उघडले तर लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) अर्धे शिल्लक (मागचे तसेही हळू झिजतात, ब्रेक मारला की वजन पुढे जातं ना). काका म्हणाले, "पुढचे पॅड टाक, ऑइल बदल, बाकीचं विसर." ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोनेक वर्षांनी बदलावं लागतं, ते माझ्याच आळसानं राहिलेलं.

एकूण साडेतीन हजार. जुने पॅड पिशवीत घालून घरी आणलेत, बायको विचारतेय हे कशाला.