कामशेतच्या टेकडीवर शनिवार-रविवार कसा काढावा

मी चिंचवडच्या एका कारखान्यात हिशेब बघते. सोमवार ते शुक्रवार जीएसटी, शनिवार-रविवार लोणावळ्याजवळच्या कामशेतला पॅराग्लायडिंग. आठ वर्षं झाली. दर ऑक्टोबरात कोर्स आटोपलेली नवी मंडळी आमच्यात येतात. सेकंडहँड ग्लायडर (म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख), नवंकोरं हेल्मेट, डोळ्यांत चमक. उडायचं कसं हे त्यांना शिकवलेलं असतं. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि उरलेला दिवस म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. गेल्या सीझनला मी एकतीस दिवस टेकडी चढले, पाय जमिनीवरून सुटले ते अठरा दिवस. बाकीचे तेरा दिवस मी काय केलं, ते इथे लिहिते आहे.

शुक्रवार रात्र

शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास मेसेज सुरू होतात. कोण येणार, जीप कुणाची, टेकडी कुठली, टॉवर हिल की शिंदेवाडी. त्यात ‘उद्या उडायला मिळेल ना?’ असं विचारू नका. ते कुणालाच माहीत नसतं, आणि ज्याला माहीत आहे असं वाटतं त्याचं ऐकू नये. विचारायचं ते एवढंच: ‘किती वाजता, कुठे, माझ्यासाठी जागा आहे का?’

गाडी नसेल तर पुणे-लोणावळा लोकल आहेच. अठरा-वीस किलोची बॅग घेऊन चढायचं, तर दाराजवळची जागा पकडा आणि बॅग उभी ठेवा, आडवी नको. लोक विचारणारच. मला आजवर ‘तंबू आहे का?’, ‘मांडवाचं कापड का?’ आणि एकदा ‘ताई, गाद्या विकता का?’ असं विचारून झालंय. सरळ उत्तर द्या, कामशेत कधी येतं कळत नाही.

बॅगेत ग्लायडर आणि हार्नेस (अंगाला बांधायची पट्ट्यांची बैठक) सोडून काय हवं? तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घोट्याच्या वर येणारे बूट, आणि खाणं. खाणं स्वतःपुरतं आणलं तरी चालतं, पण चार भाकऱ्या जास्तीच्या आणि डबीभर ठेचा आणलात तर पहिल्याच दिवशी नावाने हाक मारायला लागतील. शिवाय एक चिमटा. तो कशाला, ते पुढे.

पैशांचं त्याच दिवशी मिटवा. जीपचं डिझेल, जिथे द्यावे लागतात तिथे जागामालकाचे पैसे, चहा. वडापावचे वीस रुपये तीन आठवडे राहिले की माणसाबद्दल मत बनतं, आणि ते बदलायला सीझन जातो. तसा हा खेळ जन्मला तोच काटकसरीतून. 1978 मध्ये फ्रान्समधल्या म्युसी गावात काही पॅराशूटवाल्यांनी विमानाचं भाडं वाचवायला डोंगराच्या उतारावरून धावत उडी घेतली. पैसे काढताना आमच्यातला कुणीतरी हे ऐकवतोच.

टेकडीवर

वर पोचलात की पहिली चूक सगळे हीच करतात: बॅग उघडून ग्लायडर पसरतात. नका पसरू. टेकऑफची जागा म्हणजे रस्ता आहे, अंगण नव्हे. बॅग कडेला सावलीत ठेवा आणि वारा बघत बसा.

आमच्यात एक काका आहेत, निवृत्त शिक्षक. ते व्हेरिओ-बिरिओ (आपण किती वेगाने वर-खाली जातोय ते सांगणारं यंत्र) बाजूला ठेवून आधी वाळक्या गवताची चिमूट सोडतात. मग उतारावरच्या गवताकडे बघतात: वाऱ्याची झुळूक खालून वर येताना गवत एका पट्ट्यात झोपतं, मग दुसऱ्या. दोन झुळकांमध्ये किती वेळ जातो, ते ते मनात मोजतात. मग घारी. घार पंख न हलवता एकाच जागी गिरक्या घेत वर जातेय म्हणजे तिथे थर्मल, वर चढणारी गरम हवा, आहे. पंख मारत चाललीय म्हणजे काही नाही, चहा घ्या. मी पहिलं वर्षभर त्यांच्याशेजारी नुसती बसत होते. कोर्समध्ये शिकले त्याहून जास्त तिथे शिकले.

हिवाळ्यात सकाळी पुष्कळदा पूर्वेचा वारा असतो, दुपारनंतर फिरतो. उन्हाळा जवळ आला की पश्चिमेचा जोर. या फिरण्याच्या मधल्या तासांत काहीच धड नसतं. याला आम्ही पॅरावेटिंग म्हणतो आणि टेकडीवरचं सगळं सामाजिक जीवन याच तासांत घडतं. लग्नं जमतात, नोकऱ्या लागतात, दोन कुटुंबांनी फ्लॅट शेजारी शेजारी घेतल्याचंही मला ठाऊक आहे. या वेळात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलात तर संध्याकाळी तुम्हाला कुणी ओळखणार नाही. पत्ते आणा. किंवा ग्राउंड हँडलिंग, म्हणजे जमिनीवर उभं राहून ग्लायडर सांभाळायचा सराव, करा, पण खालच्या सपाटीवर, लोकांच्या पाठीमागे.

वारा आला की धांदल उडते. तेव्हा नवख्याने उपयोगी पडावं. एखाद्याने ग्लायडर मांडला असेल तर ‘कड धरू का?’ असं विचारायचं. विचारल्याशिवाय लाईन्सना, म्हणजे ग्लायडरच्या दोऱ्यांना, हात लावायचा नाही. लाईन अडकलेली दिसली तर बोटाने दाखवा, ओढू नका. एक चुकीची ओढली की तीन गुंततात. आणि कुणालाही उडण्याचा सल्ला देऊ नका, म्हणजे ‘जा की, मस्त आहे’ हेसुद्धा नाही. हे वाक्य आमच्यात शिवीसारखं आहे.

उलट दिशेने मात्र मोकळीक आहे. पायांचे पट्टे लावलेत का, हे कुणीही कुणालाही विचारू शकतं, आणि ज्याला विचारलं त्याने खाली बघून ‘हो’ म्हणायचं. वीस वर्षं उडणारा माणूसही रागावत नाही. पायांचे पट्टे न लावता उडालेला माणूस हार्नेसमधून निसटून बगलांवर लटकतो. मी ते एकदा पाहिलं आहे. सुदैवाने उतारावर दहा पावलांतच तो खाली बसला. त्यानंतर तासभर कुणी उडालं नाही, बोललंही नाही.

‘आज माझं नाही’ म्हणायला शिका. आमच्यासारख्यांच्या ग्लायडरचा स्वतःचा वेग ताशी छत्तीस-अडतीस किलोमीटरच्या आसपास असतो. समोरून तीसचा वारा लागला तर पुढे जायला हाताशी उरतं काय? नवख्याने टेकऑफवर दहा ते अठरा बघावा, पंचविसाच्या पुढे बॅगेवर बसावं. बॅगेवर बसणाऱ्याला कुणी हसत नाही. हसलं, तर त्या माणसाबरोबर पुढच्या वेळी जीपमध्ये बसू नका.

हवेतली रीत थोडक्यात. कड्यालगत दोघं समोरासमोर आले, तर ज्याच्या उजव्या हाताला टेकडी आहे त्याला वाट द्यायची, कारण त्याला उजवीकडे वळायला जागाच नसते. थर्मलमध्ये आधी शिरलेला ज्या बाजूला फिरतोय त्याच बाजूला फिरायचं. रेडिओवर गप्पा नकोत. संध्याकाळी वारा मऊ होतो, सगळ्यांनाच वर राहता येतं, आणि दहा ग्लायडर एका छोट्या कड्यावर येरझारा घालतात. तेव्हा ही रीत चुकली की खाली आल्यावर बोलणी खावी लागतात. खा. वाद घालू नका.

शेत

आता चिमटा. मावळातल्या टेकड्यांवर नोव्हेंबर-डिसेंबरात गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. मोज्यांत, हार्नेसच्या फोमात, लाईन्सच्या विणीत, सगळीकडे. कुसळाचं टोक आत जातं आणि उलट मागे येत नाही, म्हणून ओढायचं नसतं; चिमट्याने टोकाजवळ पकडून ज्या दिशेने गेलंय त्याच दिशेने पुढे काढायचं. लाईनमध्ये शिरलेलं तर नखाने अजिबात नको, वरचं आवरण फाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागून गेले की कुसळं संपतात आणि काजळी सुरू होते. पांढऱ्या ग्लायडरचा माज तेव्हा उतरतो.

उतरल्यावर ग्लायडर लगेच गोळा करा. शेतात पसरलेला ग्लायडर वरून बघणाऱ्याला ‘मला लागलंय, मदत हवी’ असा दिसतो. तुम्ही बसलात बायकोशी फोनवर बोलत आणि वरची तीन माणसं उडणं सोडून तुमच्याकडे धावली, असं व्हायला नको.

आणि बांधावरून चाला. यात मी स्वतः शेण खाल्लं आहे, म्हणून सविस्तर सांगते. तिसऱ्या वर्षी, डिसेंबरात, उतरताना उंचीचा अंदाज चुकला आणि नेहमीच्या पडीक तुकड्याच्या अलीकडे, हरभऱ्यात उतरले. घाट्या धरायला लागल्या होत्या. मी घाबरून ग्लायडर कवटाळला आणि पिकातूनच सरळ रेषेत रस्त्याकडे चालत सुटले, लाईन्स मागे फरफटत. कुणी पाहिलं नाही असं वाटलं. पुढच्या शनिवारी त्या पडीक तुकड्याभोवती बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. दहा जणांची उतरायची जागा गेली, माझ्यामुळे.

काका मला घेऊन शेतकऱ्याच्या घरी गेले. ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि शेतकरीमामा म्हणाले, “ताई, वरून पडलात त्याचं काही नाही. वारं कुणाच्या हातात असतंय? पण चालत गेलात ती वाट कुठली?” मी पैसे पुढे केले. त्यांनी झालेलं नुकसान मोजून सांगितलं, तेवढेच घेतले, रुपया जास्त नाही. मामींनी चहा ठेवला. काट्या पुढच्या आठवड्यात निघाल्या.

तेव्हापासून माझा नियम: पिकात उतरलात तर आहात तिथेच उभं राहून ग्लायडर हातावर गोळा करायचा, जवळचा बांध गाठायचा, आणि मालक भेटेपर्यंत निघायचं नाही. मालक नसेल तर शेजारच्या घरी निरोप. पैसे त्यांनी सांगितले तेवढे. घासाघीस करणाऱ्याला आम्ही पुन्हा जागा सांगत नाही.

पोरं धावत येतात. त्यांना ग्लायडर ओढू देऊ नका, बॅग वाहायला लावून दहा रुपये देऊ नका. ती सवय लागली की शाळा बुडते, हे तिथल्या शिक्षकांनीच आम्हाला सांगितलंय. घडी घालायला मात्र एकाला बोलवा. घडी दोघांनी चांगली होते: मधोमध एकाने धरायचं, दुसऱ्याने पुढच्या कडेतल्या प्लास्टिकच्या काड्या एकावर एक आणायच्या, वहीची पानं जुळवतात तशा, एकही वाकता कामा नये. मग मागची कड दाबत हवा काढायची. दहा मिनिटांचं काम. एक सातवीतली मुलगी माझ्यापेक्षा नीट काड्या जुळवते.

जोडीदाराला किंवा मुलांना आणायचं असेल तर खरं सांगून आणा. ‘मस्त पिकनिक आहे’ म्हणून आणलेली बायको उन्हात सहा तास बसते, नवरा वीस मिनिटं उडतो, आणि परतीच्या गाडीत कुणी बोलत नाही. बायकांसाठी आणखी एक: टेकडीवर आडोसा नाही. वर चढायच्या आधी गावात ओळखीच्या घरी जाऊन या. पहिल्यांदा येणारीला आमच्यातली कुणीतरी घेऊन जाते, विचारायला लाजू नका.

शनिवारी पवना धरणाच्या काठी मुक्काम असतो कधी कधी. गाणी, शेकोटी, सगळं. रविवारी उडायचं असेल तर ग्लास लांब ठेवा. इथे कुणी पोलीसगिरी करत नाही, पण सकाळी डोळे बघून काका फक्त ‘आज जीप तू चालवायची नाहीस, उडायचंही नाहीस’ एवढं म्हणतात, आणि त्यावर अपील नसतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर उडणं बंद. बहुतेक नवे इथेच गळतात आणि ऑक्टोबरात अनोळखी होऊन परत येतात. गळू नका. जुलैत एका रविवारी हॉल घेऊन आम्ही रिझर्व्ह पॅराशूट (हवेत ग्लायडर बिघडला तर फेकायचा राखीव) उघडतो, रात्रभर टांगून हवा लागू देतो, दुसऱ्या दिवशी जाणत्याच्या देखरेखीखाली पुन्हा घडी घालतो. आधी प्रत्येकाने हार्नेसमध्ये लटकून तो फेकायचा. वर्षभर पाठीशी बाळगलेलं हँडल पहिल्या झटक्यात हाताला लागत नाही, असं दोघा-तिघांचं दरवर्षी होतं. लोहगड-विसापूर होतो. बीडला, म्हणजे आपलं नव्हे, हिमाचलातल्या बीड-बिलिंगला, ऑक्टोबरात कोण जाणार याची भांडणं होतात. तिथे 2015 मध्ये वर्ल्ड कप झाला, टेकऑफ सुमारे 2,400 मीटरवर, उतरायचं गाव त्याच्या हजारेक मीटर खाली. आमची टेकडी त्यापुढे पायरी म्हणायची. पहिल्या सीझनला जाऊ नका.

आणि भातलावणी. ज्या खाचरांत आपण सीझनभर उतरतो, तिथे जुलैत दोन दिवस चिखलात उभं राहायचं. आम्ही लावलेल्या ओळी वाकड्या येतात, मामी मागून सरळ करतात, म्हणजे मदत किती होते देव जाणे. पण दुपारी इंद्रायणीचा भात आणि सुकटीची चटणी असते.

चिमट्याचं राहिलं. माझा निळ्या मुठीचा चिमटा गेल्या डिसेंबरात टॉवर हिलवर कुणीतरी मागून घेतला. येताना तुमचा स्वतःचा आणा, आणि तो माझा असेल तर परत द्या.