हिवाळ्यात फ्यूज उडतोय? जुन्या घरात या चुका टाळा

दिवाळी सरली की मराठवाड्यातल्या जुन्या घरांत लाईटच्या तक्रारी बदलतात. उन्हाळ्यात कूलरला करंट येतो. आता मोरीत पाणी तापवायचा रॉड लावला की फ्यूज जातो. परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर येणं काही नवं नाही. मग सकाळच्या दोन तासांत रॉड, गीझर, इस्त्री आणि बोअरची मोटार सगळं एकदम चालतं. फिटिंग मात्र दोन बल्ब, एक पंखा आणि रेडिओ एवढ्याच हिशेबानं केलेली. माळवदाच्या घरात ती लाकडी पट्टीवरून तुळईच्या कडेनं गेलेली असते, आणि वायरचं रबर इतकं सुकलेलं की हात लावला तर पापुद्रे पडतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनात बांधलेली लातूर-धाराशिवकडची घरंही आता नवी राहिलेली नाहीत.

जाड तार टाकून फ्यूज ‘पक्का’ करणं

“फ्यूज सारखा जातोय.” “जाड तार टाकतो, परत जाणार नाही.” हा संवाद गावोगाव होतो, आणि फ्यूज खरंच परत जात नाही. पुढच्या वेळी भिंतीतली वायर जळते. फ्यूज किंवा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारं बटण) असते ती वायर वाचवायला. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर 32 अँपिअरची एमसीबी लावली, तर वायर तापून वितळेपर्यंत ती गप्प बसेल. फ्यूज जात असेल तर त्या लाईनवरचा भार कमी करा, नाहीतर भिंतीतली वायर जाड करा. तिसरा उपाय नाही.

जुन्या लोखंडी मेन स्विचमध्ये फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) दोन्हीला किटकॅट, म्हणजे तार घालायचा चिनी मातीचा फ्यूज असतो. न्यूट्रलचा फ्यूज आधी गेला तर घर अंधारात जातं, पण फेज वायरमध्ये जिवंतच राहते. “लाईट गेलीय” म्हणून होल्डरमध्ये बोट घालणाऱ्याला तिथंच झटका बसतो. न्यूट्रलमधला फ्यूज काढून तिथं सलग जोड करून घ्या. खरं तर तो मेनच बदलून दोन्ही तारा एकदम तोडणारा बसवलेला बरा.

रॉडला लहान सॉकेट

1500 वॅटचा रॉड 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो, 2000 वॅटचा गीझर जवळपास पावणेनऊ. लहान सॉकेट असतं 6 अँपिअरचं. मोठी पिन बसत नाही म्हणून लोक कन्व्हर्टर लावतात आणि वर एक्स्टेंशन बोर्डही. महिनाभरानं सॉकेट उघडून बघा: एका भोकाभोवती तपकिरी कडा, आतला स्क्रू सैल, पितळ काळं पडलेलं. सैल जोडाला रोध जास्त, म्हणून तिथं उष्णता. उष्णतेनं जोड आणखी सैल. बेकेलाइटचा उग्र वास आला की ते सॉकेट त्याच दिवशी बदला.

रॉड प्लास्टिकच्या बादलीत लावा आणि पाणी तापलं का हे बटण बंद करून, पिन काढूनच बघा. बोट बुडवून बघायची सवय जिवावर बेतते.

अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहणं

खरी गोम इथं आहे. महावितरणच्या खांबावरून साध्या घरगुती जोडणीत येतात फेज आणि न्यूट्रल; घराचं अर्थिंग, म्हणजे वस्तूच्या पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, आपलं आपण करायचं असतं. जुन्या घरांत ते नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेलं असायचं. आता मध्येच कुठंतरी प्लास्टिकचा पाइप आलाय, म्हणजे अर्थिंग संपलं. उलट एखाद्या वस्तूत करंट उतरला तर नळ धरणाऱ्यालाच तो लागतो.

खड्डा घेऊन पाइप पुरला असेल तरी आपली काळी जमीन दगा देते. पावसाळ्यात ओली असताना ती करंट चांगला वाहून नेते. सुकली की भेगाळते आणि पाइपापासून सुटते. खड्ड्यात घातलेल्या मिठानं पाइप गंजतोही. समजा खड्ड्याचा रोध 20 ओहम झाला. गीझरच्या बॉडीत फेज उतरली तर जमिनीत जाईल 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी एवढ्यानं पडत नाही, आणि बॉडी जिवंत राहते. म्हणून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे एवढासा करंट गळला तरी लाईन तोडणारा स्विच, हवीच. खड्ड्यात पाणी घालत राहा, अर्थचा रोध मीटरनं मोजून घ्या. टेस्टर पेटला नाही म्हणजे अर्थिंग चांगलं, असं मुळीच नाही.

सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिना तारेनं जोडून अर्थिंग ‘करून’ देणारेही भेटतात. कुठं न्यूट्रल तुटली की त्या सॉकेटवरच्या फ्रिजच्या, गीझरच्या पत्र्यावर थेट फेज येते. अशा माणसाला दुसऱ्यांदा बोलावू नका.

आरसीसीबी पडते म्हणून काढून टाकणं

ती उगाच पडत नाही. सगळ्या एमसीबी बंद करून आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चालू करा. जिच्यावर पडेल, त्या लाईनवरच्या पिना काढून पुन्हा बघा. गीझर लावल्यावरच पडत असेल तर बहुतेक त्याचं एलिमेंट (पाणी तापवणारी नळी) गेलं. बोअरच्या जड पाण्यानं त्यावर क्षाराचा थर चढतो, आत उष्णता कोंडून नळी तडकते. सगळ्या एमसीबी बंद असतानाही पडत असेल, तर बहुतेक न्यूट्रल कुठंतरी अर्थला किंवा ओल्या भिंतीला टेकलीय, कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते. घरात इन्व्हर्टर नंतर बसवला असेल तर त्याची न्यूट्रल दुसऱ्या लाईनमध्ये मिसळली आहे का, हे आधी तपासून घ्या. जुन्या घरांत ही चूक फार सापडते. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. मात्र ते अर्थिंग तपासत नाही.

दिवे मंद होतात तेव्हा

रॉड लावल्यावर एकाच खोलीतला दिवा मंद होत असेल तर त्या लाईनवर सैल जोड शोधा. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला तांब्याची वायर पिळून वर टेप गुंडाळलेली असते, तिथं हमखास सापडतो. पूर्ण घर मंद होत असेल तर सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी) किंवा डीपीकडं (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडं) बघावं लागेल. पण दिवे अचानक प्रखर झाले, पंखे भरधाव फिरू लागले, तर डीपीवरची न्यूट्रल सुटल्याची शक्यता असते. विचार करत बसू नका, मेन पाडा आणि 1912 ला फोन लावा.

पैसे एकदम नसतील तर

सगळी फिटिंग एका दमात बदलणं प्रत्येकाला झेपत नाही. आधी आरसीसीबी आणि अर्थिंग. त्यानंतर मोरीसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाईन, 4 चौरस मिलिमीटर तांब्याची, शेवटी 16 अँपिअरचं सॉकेट. मग स्वयंपाकघर, आणि दिव्या-पंख्यांची वायर शेवटी. गीझर वाढणार असेल तर महावितरणकडचा मंजूर भारही वाढवून घ्या. काम परवानाधारकाकडूनच करून घ्या, आणि वायर भिंतीत बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढं फळी ठोकताना ड्रिल कुठं घालायचं नाही ते कळेल.