मोठ्या ग्राफिक्स कार्डाला वीज पुरवताना

महागडं ग्राफिक्स कार्ड घेताना सगळं लक्ष गेममधल्या फ्रेम्सवर असतं, संगणकाच्या सगळ्या भागांना वीज देणारा पॉवर सप्लाय मात्र उरल्या पैशांत घेतला जातो. हा क्रम उलटा करा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या कार्डाला एकट्याला ५७५ वॉटपर्यंत वीज लागते आणि त्यासाठी कंपनीच १००० वॉटचा सप्लाय सुचवते. शिवाय कार्ड क्षणभर त्याहून बरीच जास्त वीज ओढतं. असे झटके सोसण्याची क्षमता पॉवर सप्लायच्या एटीएक्स ३.० आणि ३.१ या मानकांत धरलेली आहे, म्हणून नवा सप्लाय घेताना तेच पाहा. सप्लायवरचा ‘गोल्ड’ हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे, दर्जाची हमी नव्हे.

खरी काळजी घ्यायची ती कार्डाला वीज देणाऱ्या केबलच्या १६ पिनच्या कनेक्टरची. त्यातून ६०० वॉटपर्यंत वीज जाते, आणि तो अर्धवट बसला तर तापून वितळू शकतो. कार्ड संगणकाच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, बसवण्याआधीच केबल जोडून पाहा, फट अजिबात दिसता कामा नये. कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवा, मगच वळवा. केसचं झाकण तिला दाबत असेल तर केसच बदललेली बरी.

जुन्या ८ पिनच्या जोडण्या असतील तर प्रत्येकीची मर्यादा १५० वॉट. तिथे एकाच केबलला फाटा फोडून दोन जोडण्या भागवू नका, सप्लायपासून स्वतंत्र केबल आणा. आणि दुसऱ्या सप्लायची केबल, ती बसत असली तरी, कधीच वापरू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही वेगळी असते.