ड्राफ्टसाठी खेळाडू पारखताना आधी आपला संघ वाचावा

अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग असलेल्या एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आयपीएलसारखी बोली लागत नाही. ३२ संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडू निवडतात आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्याची पाळी सहसा आधी येते. त्यामुळे सुरुवात खेळाडूंच्या यादीपासून न करता आपल्या संघाच्या करारांपासून करावी. कोणाचा करार पुढील दोन वर्षांत संपतो, कोणाचे वय झाले आहे, हे जागेनुसार मांडावे. निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो, म्हणून गरजही तितक्या लांबची धरावी. २००५ साली ग्रीन बे संघाकडे ब्रेट फार्व्ह हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) असतानाही त्यांनी २४व्या क्रमांकावर ॲरन रॉजर्सला घेतले. रॉजर्स मुख्य क्वार्टरबॅक झाला तो २००८ मध्ये.

समजा, क्वार्टरबॅकचे कडेने येणाऱ्या हल्ल्यापासून रक्षण करणारा टॅकल हवा आहे. निवडक क्षणांच्या चित्रफितींवर विसंबू नये. मैदानावरील बावीसही जण दिसतील असे चित्रण मिळवून तीन-चार पूर्ण सामने, त्यातही बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे, पाहावेत. चेंडूकडे बघण्याचा मोह आवरून नजर टॅकलच्या पायांवर ठेवावी. मागे सरकताना त्याचा भार बाहेरच्या पायावर फार झुकला, की समोरचा बचावपटू बाहेर जाण्याची हूल देऊन आतून निसटतो. ही चूक एकदा झाली तर सोडून द्यावी, सामन्याच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये पुन्हापुन्हा दिसली तर नोंदवावी. शिवाय अनेक महाविद्यालयीन संघ चेंडू इतका झटपट फेकतात की टॅकलची परीक्षाच होत नाही. म्हणून तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) बरेच यार्ड हवे असताना तो किती वेळ टिकतो, हे वेगळे मोजावे.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधील (ड्राफ्टपूर्वीच्या शारीरिक चाचण्यांमधील) आकडे चित्रण पाहून झाल्यावरच उघडावेत, असे माझे ठाम मत आहे. २०१८ मध्ये ऑर्लँडो ब्राउन या टॅकलला ४० यार्ड धावायला ५.८५ सेकंद लागले आणि तो तिसऱ्या फेरीत, ८३व्या क्रमांकापर्यंत घसरला. बाल्टिमोरने त्याला घेतले आणि पुढे तो प्रो बोल या हंगामातील निवडक खेळाडूंच्या मानाच्या यादीत पोहोचला. टॅकलला सामन्यात ४० यार्ड सरळ धावण्याची वेळ क्वचितच येते. उलट २०१७ मध्ये ४.२२ सेकंदांत धावलेल्या जॉन रॉस या चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला सिनसिनाटीने नववा घेतला, पण तो वेग मैदानात फारसा कामी आला नाही. दुखापतींचा इतिहास मात्र डॉक्टरांवर सोपवावा.

शेवटी सर्वांना एकाच मापाने गुण द्यावेत. गुण जवळपास सारखे असतील तर गरजेची जागा निवडावी. तफावत मोठी असेल तर गरज बाजूला ठेवून सरस खेळाडू घ्यावा. सहाव्या-सातव्या फेरीत हिशेब बदलतो. तिथला राखीव लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) पंटच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे लाथेने दूर उडवलेल्या चेंडूच्या, मागे धावून प्रतिस्पर्ध्याला पाडू शकतो का, एवढे आधी विचारावे, कारण पहिल्या वर्षी संघात त्याची जागा बहुधा त्यावरच ठरते.