ऑनर्स हातचं का जातं? नागपूरच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्यायची की तीन वर्षांवर थांबायचं, याचा विचार बहुतेक विद्यार्थी पाचव्या-सहाव्या सत्रात सुरू करतात. तोवर निम्म्याहून अधिक गुणांचा हिशेब होऊन गेलेला असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेला अभ्यासक्रम राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात त्या वर्षी पहिल्या वर्षाला लागलेली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात असेल. या तुकड्यांना विचारायला सिनिअर नाहीत. जुन्या पद्धतीने शिकलेल्या दादा-ताईंचा सल्ला मनापासूनचा असला तरी इथे लागू पडत नाही आणि चुका तिथूनच सुरू होतात.

दोन वेगळ्या पदव्या एकच समजणे

‘ऑनर्स’ आणि ‘ऑनर्स विथ रिसर्च’ या दोन वेगळ्या पदव्या आहेत. दोन्हींना चार वर्षं, आठ सत्रं लागतात. राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६ क्रेडिट (पेपरचं वजन मोजायचं एकक) ठरले आहेत. फरक चौथ्या वर्षात पडतो. रिसर्चवाल्याला १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. साध्या ऑनर्सवाल्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तेवढ्याच क्रेडिटचे इतर पेपर असतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट रिसर्चच्या वाटेसाठी आहे. ‘७५ टक्के नाहीत, म्हणजे ऑनर्स गेलंच’ असं समजून तिसऱ्या वर्षी थांबू नका, चौथं वर्ष साध्या ऑनर्ससाठी उघडं असतं.

अभियांत्रिकीचं ऑनर्स मात्र याहून वेगळं. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक.च्या १६० क्रेडिटवर आणखी २० क्रेडिट केले तर ऑनर्स किंवा मायनर (जोडीचा दुय्यम विषय) मिळतं, वर्ष वाढत नाही. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी. पुढे लागणाऱ्या ऑनर्सचाही बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.च्या या नियमांशी संबंध नाही. मित्र व्हीएनआयटीत, म्हणजे अभियांत्रिकीला, असेल तर त्याचा नियम स्वतःला लावू नका.

सरासरी चुकीची काढणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गुणपत्रिकेवरचे ग्रेड पॉइंट बेरजेने जोडायचे आणि विषयांच्या संख्येने भागायचे, ही शाळेची सवय. एसजीपीए (एका सत्राची ग्रेड पॉइंटची सरासरी) असा निघत नाही. प्रत्येक पेपरचे ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं.

एक सत्र घेऊ, एकूण २२ क्रेडिटचं. मेजरचे (मुख्य विषयाचे) तीन पेपर ४, ४ आणि २ क्रेडिटचे, त्यात पॉइंट ६, ७ आणि ७. मायनर ४ क्रेडिट, पॉइंट ७. उरलेले चार पेपर (ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली) दोन-दोन क्रेडिटचे, पॉइंट ९, ९, ८, ९. साधी सरासरी येते ७.७५. आता क्रेडिटने गुणा: २४ + २८ + १४ + २८ + १८ + १८ + १६ + १८ = १६४. भागिले २२ केलं की ७.४५. घरी सगळे खूश असतात आणि प्रत्यक्षात पोरगी साडेसातच्या खाली असते.

असं होतं, कारण दोन क्रेडिटच्या पेपरात चांगले गुण मिळवणं सोपं जातं आणि चार क्रेडिटच्या मेजरमध्ये कस लागतो. वरच्या उदाहरणात मेजरच्या सहा पॉइंटच्या पेपरात ‘बी’ (६) ऐवजी ‘बी प्लस’ (७) मिळाला असता, तर एसजीपीए ७.६४ झाला असता. तोच एक पॉइंट दोन क्रेडिटच्या पेपरात वाढला असता, तर ७.५५. अभ्यासाचे तास कुठे घालायचे, हे यावरून ठरवा.

आता सहा सत्रांचा हिशेब मांडू. प्रत्येक सत्र २२ क्रेडिटचं धरलं तर १३२ क्रेडिट होतात आणि सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी) ७.५ हवा असेल तर ९९० पॉइंट लागतात. पहिलं वर्ष ७.० वर संपलं, तर उरलेल्या चार सत्रांत सरासरी ७.७५ पुरे. पण दुसरं वर्षही ७.० वरच संपलं, तर शेवटच्या दोन सत्रांत ८.५ लागतील, आणि ते फार थोड्यांना जमतं. म्हणून हा हिशेब पहिल्या वर्षाच्या उन्हाळी निकालाच्या दिवशीच मांडा.

इथे आपण सोयीसाठी ७.५ धरले. ७५ टक्के आणि ७.५ सीजीपीए एकच असं गृहीत मात्र धरू नका. ग्रेडचं टक्क्यांत रूपांतर करायचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असू शकतं. बहुधा ते ग्रेडकार्डाच्या मागे छापलेलं असतं, नाहीतर अध्यादेशात सापडतं. आधी ते वाचा. स्वायत्त कॉलेजात असाल तर कॉलेजचे नियमही पाहा.

निकालानंतर हातावर हात ठेवून बसणे

पास झालो म्हणजे झालं, ही वृत्ती इथे महागात पडते. हिवाळी परीक्षेत चार क्रेडिटच्या पेपरात अपेक्षेपेक्षा दोन श्रेणी कमी आल्या, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून बघा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते, गुणपत्रिका हातात पडल्यापासून नाही. कॉलेजच्या सूचनाफलकावर कागद लागेपर्यंत थांबणाऱ्याचे दिवस असेच निघून जातात.

ओपन इलेक्टिव्ह आपल्याच शाखेतून घेणे

राज्याच्या शासन निर्णयानुसार ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा. बी.एस्सी.च्या मुलाने वाणिज्य किंवा मानव्यविद्येतला पेपर घ्यावा. वेळापत्रकात बसतो म्हणून शेजारच्या विज्ञान विभागाचा पेपर घेतला, तर क्रेडिट दिसतात पण त्या रकान्यात धरले जात नाहीत. एकूण बेरीज पुरी असूनही पदवी अडते ती अशीच. त्यामुळे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग असे रकाने आखून एक कागद ठेवा आणि दर सत्राला भरा.

‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स क्रेडिटसाठी करायचा असेल तर आधी विभागाची लेखी संमती घ्या. त्यावरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसच्या) प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात. नुसते व्हिडिओ पाहिले आणि परीक्षेची नोंदणी राहिली, तर क्रेडिट शून्य.

क्रेडिट बँकेत नावाचा घोळ

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (तुमचे क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा) १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून निघतो. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर कॉलेजने पाठवलेले क्रेडिट खात्यात उतरत नाहीत. दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधारला स्वतःचा मोबाईल जोडा, कारण वडिलांच्या नंबरवर आलेला ओटीपी गावाकडे जातो. मग आधारवरचं नाव गुणपत्रिकेशी जुळवा. त्यानंतर डिजिलॉकर उघडा. आधीच क्रमांक निघाला असेल तर दुसरा काढू नका. दर सत्रानंतर खातं उघडून क्रेडिट आले का ते बघा, आणि नसतील तर अर्ज देऊन पोचपावती घ्या.

संशोधनाचा विषय आभाळाएवढा घेणे

बारा क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे, एका क्रेडिटला ३० तास धरले, तर ३६० तासांचं काम. ‘विदर्भातील संत्रा उत्पादकांच्या समस्या’ हा विषय ३६० तासांत मावत नाही. ‘काटोल तालुक्यातील दोन गावांत आंबिया बहाराच्या संत्र्याची विक्री: बागेतच व्यापाऱ्याला की कळमना बाजारात?’ हा मावतो. गावं ठरली, प्रश्न ठरला, कुणाला भेटायचं ते ठरलं.

हंगामाची चूक तर हमखास होते. संत्र्याचे बहार दोन: आंबियाची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतात, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. सातव्या सत्रात विषय मंजूर होईस्तोवर दिवाळी आली आणि प्रश्नावली जानेवारीत तयार झाली, तर आंबिया संपलेला असतो. मग विद्यार्थी शेतकऱ्याला आठवणीवर भाव विचारतो आणि परीक्षक तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच बोट ठेवतात. म्हणून सहावं सत्र संपताच सुट्टीत सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहा, ऑगस्टमध्ये पाच-सहा जणांवर प्रश्नावली तपासून बघा आणि ऑक्टोबरात बाहेर पडा. आंबिया हुकलाच, तर विषय मृग बहारावर वळवायला गाईडची लगेच परवानगी मागा.

गाईड कोण, हे विषयाआधी विचारा. तुमच्या कॉलेजच्या विभागात संशोधनाची मान्यता आणि मार्गदर्शक आहेत का, जागा किती, हे पाचव्या सत्रातच कळलं पाहिजे. विज्ञानाच्या मुलांना नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), केंद्रीय कापूस संशोधन संस्था, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था शहरातच आहेत. पण तिथे उपकरण वापरायचं किंवा नमुने तपासायचे तर कॉलेजचं पत्र आणि त्यांची परवानगी लागते, आणि यात वेळ जातो. आयत्या वेळी दारात जाऊन उभं राहण्याचा उपयोग नाही.

मधेच बाहेर पडताना चार क्रेडिट विसरणे

पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळतो, पण आपोआप नाही. वर्षाच्या क्रेडिटशिवाय चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पुरी करावी लागते. चार क्रेडिटची इंटर्नशिप म्हणजे किमान १२० तास. परत यायचं असेल तर तीन वर्षांच्या आत या, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करा.

चौथ्या वर्षी सैल पडणे

सहा सत्रांत ७५ टक्के आले, रिसर्चला प्रवेश मिळाला, आता काय, असं वाटतं. पण पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांत चार वर्षांच्या पदवीवर थेट पात्र व्हायला एकूण ७५ टक्के लागतात, म्हणजे सातवं-आठवं सत्रही त्यात आलं. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) विद्यार्थ्यांना यात ५ टक्के सूट आहे. ती घ्यायची तर प्रमाणपत्रं आठव्या सत्रातच तयार ठेवा. नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएसच्या प्रमाणपत्रांची मुदत संपते, अर्जाच्या तारखेला ती चालू आहेत ना ते बघा. आणि फक्त एमपीएससी डोळ्यापुढे असेल तर तीन वर्षांची पदवीही चालते. तेव्हा चौथं वर्ष नाकारणं ही चूक नाही, मात्र त्या वर्षात काय मिळणार होतं हे आधी समजून घ्या.